ट्युलिप लावायचे ते उशिरा आणि खोल

ट्युलिपचे कंद विकायला येतात तेव्हा उन्हाळ्याची धग अजून पुरती ओसरलेली नसते. पाकिटावरचं लालभडक चित्र बघितलं की आज संध्याकाळीच लावून मोकळं व्हावंसं वाटतं. माझं सांगणं असं की घ्या आत्ताच, कारण मोठे, भरलेले कंद आधी संपतात, पण लावायची घाई करू नका. झाडांची पानं बरीचशी गळून गेली, सकाळी गवतावर हिव दिसायला लागलं आणि मातीत बोटं खुपसल्यावर गारवा चटकन जाणवला, की ट्युलिपची वेळ झाली. उत्तर गोलार्धात हा काळ साधारण ऑक्टोबर सरताना सुरू होतो आणि नोव्हेंबरभर चालतो. थंडी उशिरा पडत असेल तर डिसेंबरमध्ये लावले तरी चालतं. दक्षिण गोलार्धात हेच काम एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत करतात. थर्मामीटर असेल तर तो १५ सेंटीमीटर खोल खुपसून पाहा. तापमान १२ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की निर्धास्तपणे कुदळ हातात घ्या.

एवढा उशीर कशासाठी, असं मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. उबदार, ओलसर मातीत कंदाला फायदा काहीच होत नाही, बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. ट्युलिपचा सगळ्यात वाईट आजार म्हणजे करपा. त्याची बुरशी मातीत दबा धरून बसलेली असते, आणि माती जितकी थंड तितका तिचा जोर कमी. डॅफोडिल आणि क्रोकस या दुसऱ्या कंदफुलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना मुळं धरायला जास्त वेळ लागतो, म्हणून ते आधी जमिनीत गेलेले बरे. माझा क्रम ठरलेला आहे: आधी डॅफोडिल, मग क्रोकस आणि हायसिंथ, आणि बागेतली बाकी सगळी आवराआवर झाली की अगदी शेवटी ट्युलिप. काही कारणाने फारच उशीर झाला, तरी कंद पुढच्या वर्षासाठी म्हणून ठेवून देऊ नका. ते टिकत नाहीत. जमीन दगडासारखी गोठलेली नसेल तर भर हिवाळ्यात का होईना, लावून टाका. फुलं जरा उशिरा आणि थोडी बुटकी येतील, पण येतील.

एक कंद कापून पाहा

नव्याने ट्युलिप लावणाऱ्या प्रत्येकाला मी एक कंद बळी द्यायला सांगते. धारदार सुरी घ्या आणि कंद शेंड्यापासून बुडापर्यंत उभा कापा. बाहेर कागदासारखं पातळ, तपकिरी साल. आत एकावर एक बसलेले पांढरेशुभ्र, रसरशीत थर. हाच त्याचा साठवलेला पिष्टमय खाऊ. बुडाशी एक घट्ट चकती असते, मुळं तिच्यातूनच फुटतात. आणि या सगळ्याच्या मधोमध पिवळसर हिरवट रंगाचा एक छोटा कोंब उभा असतो. तो सुरीच्या टोकाने हलकेच उकलला तर गुंडाळलेली पानं दिसतात, आणि त्यांच्या आत कळी. भिंगातून पाहिलंत तर सहा इवल्या पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधला तीन कोपऱ्यांचा स्त्रीकेसरही ओळखू येतो.

म्हणजे येत्या वसंतात दिसणारं फूल आधीच तयार झालेलं असतं. पानं वाळून कंद उन्हाळ्यात सुस्त पडलेला दिसतो, त्याच दिवसांत ही कळी आत घडते. ती घडवण्याचे कष्ट कंद वाढवणाऱ्या शेतकऱ्याने केलेले असतात. आपल्याकडे येतं ते फूल बाहेर काढण्याचं काम, आणि त्यासाठी तीनच गोष्टी लागतात: पुरेशी थंडी, पाय कोरडे आणि डोक्यावर भरपूर माती. नवखा माणूससुद्धा पहिल्या वर्षी उत्तम ट्युलिप फुलवू शकतो तो यामुळेच. आणि हे आत एकदा डोळ्यांनी पाहिलं की कंद हातात घेण्याची पद्धतच बदलते. कुणी तो बादलीत धाडकन टाकत नाही.

थंडीचं काम नीट समजून घ्या, कारण बाकीचे सगळे नियम त्यातूनच निघतात. ट्युलिपचं मूळ घर मध्य आशियातल्या डोंगरउतारांवर, तिएनशान आणि पामीर-आलाय पर्वतांच्या भागात. तिथे उन्हाळा कडक आणि कोरडा, हिवाळा लांब आणि बर्फाचा, आणि मधल्या छोट्याशा ओलसर वसंतात सगळं उरकून घ्यायचं. त्या हवामानाची सवय कंदात अजून तशीच आहे. साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांच्या खालची थंडी मिळाली की आतल्या पिष्टाची साखर व्हायला लागते आणि दांडा उंच होण्याची तयारी पूर्ण होते. थंडी कमी पडली तर दांडा वाढतच नाही. फूल दोन पानांच्या बेचक्यात, जमिनीला टेकल्यासारखं उमलतं किंवा कळीतच सुकून जातं. असं फूल पाहून लोक खताला आणि मातीला दोष देतात. पण ते उपाशी नसतं, त्याला थंडी कमी पडलेली असते.

कंद निवडताना

कंदाचा आकार त्याच्या घेरावर मोजतात. पाकिटावर ११/१२ लिहिलं असेल तर घेर ११ ते १२ सेंटीमीटर. १२ च्या वरचे सगळ्यात मोठे. बागेतल्या नेहमीच्या जातींसाठी ११/१२ पेक्षा लहान घेऊ नका, कारण लहान कंदाला एखादं पान येतं आणि फूल येतच नाही. रानटी जातींचे कंद मुळातच छोटे असतात, त्यांना हा हिशोब लावू नका.

शक्य असेल तर कंद हाताने निवडा. कांद्यासारखा टणक आणि आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. अंगठ्याने बुडाची चकती दाबून पाहा. तिथे मऊ लागलं, पांढरट बुरशी दिसली किंवा आंबूस वास आला, तर तो कंद आतून कुजायला लागला आहे. तसा एकही कंद बाकीच्यांमध्ये राहू देऊ नका, कारण कुजताना तो इथिलीन वायू सोडतो आणि त्या वायूने शेजारच्या चांगल्या कंदांमधल्या कळ्यासुद्धा मरतात. वरच्या सालीवर निळसर हिरवी भुकटी असेल तर घाबरू नका. ती बहुतेक वेळा वरवरची असते, कोरड्या फडक्याने पुसून टाका. साल फाटलेली किंवा अर्धी निघालेली असली तरी बिघडत नाही, उलट आतला पांढरा भाग नीट तपासता येतो.

कंद हाताळताना हातमोजे घाला. ट्युलिपच्या रसातल्या ट्युलिपॅलिन या द्रव्याने कातडीला खाज सुटते, बोटांची टोकं लाल होऊन चिरतात. दिवसभर कंद निवडणाऱ्या कामगारांमध्ये हा त्रास नेहमीचा आहे. चार-सहा कंदांनी फारसं काही होत नाही, पण शंभरभर लावायचे असतील तर मोजे हवेतच. कुत्र्या-मांजरांनाही कंद चघळू देऊ नका, त्यांना ते बाधतात.

लावणीची वेळ येईपर्यंत कंद कागदी पिशवीत किंवा उघड्या खोक्यात, १५ ते २० अंशांच्या हवेशीर, कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा. प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधून ठेवलीत तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. पिकणारी सफरचंदं, केळी यांच्या शेजारी कंद कधीच ठेवू नका. कारण तेच, इथिलीन.

जातींबद्दल माझी मतं ठाम आहेत. सगळे कंद एकाच वेळी फुलणारे घेतलेत तर दहा-बारा दिवसांत सोहळा आटोपतो. लवकरच्या, मधल्या आणि उशिराच्या अशा तिन्ही प्रकारच्या घ्या, म्हणजे दीड-दोन महिने बाग बोलती राहते. लवकर फुलणाऱ्यांत कॉफमानियाना आणि फॉस्टेरियाना गट. त्यातली पांढरी प्युरिसिमा मला फार प्रिय आहे. मधल्या काळात ट्रायम्फ गट आणि डार्विन संकरित. या डार्विन संकरित गटातली अपेलडॉर्न उंच, टपोरी, लाल आणि दमदार असते. शेवटी येतात निमुळत्या पाकळ्यांच्या लिली-फुली जाती, पाकळ्यांवर हिरवा पट्टा असणारी स्प्रिंग ग्रीन आणि जवळजवळ काळी वाटावी अशी जांभळी क्वीन ऑफ नाइट. केशरी बॅलेरिनाला सुवासही आहे, तो हुंगल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि एकेका रंगाचे झुबके करा. दहा रंगांचं मिश्र पाकीट कापून फुलदाणीत ठेवायला ठीक आहे, वाफ्यात ते डोळ्यांना कुठेच ठरू देत नाही.

जागा आणि माती

जागेला ऊन हवं, निदान पाच-सहा तास. पानगळीच्या झाडाखालची जागा चालते, कारण ट्युलिप वाढतो तेव्हा झाडाला पालवी फुटलेली नसते. उन्हापेक्षाही मी निचऱ्याकडे जास्त लक्ष देते. ट्युलिपला थंडी मारत नाही, साचलेलं पाणी मारतं. मुसळधार पाऊस पडून गेल्यावर ज्या जागी तासाभरानंतरही डबकं राहतं, ती जागा सोडून द्या. दुसरी नसेल तर वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा. चिकणमातीत चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळा. ही भर फक्त खड्ड्यात घालून भागत नाही. चिकणमातीतला एकटा भुसभुशीत खड्डा म्हणजे पाणी गोळा करणारं भांडंच, म्हणून वाफा सगळाच्या सगळा हलवा. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) ६ ते ७ च्या आसपास असला की झालं. ताजं शेणखत अजिबात नको, त्याने कंद कुजतात.

गेल्या वर्षी जिथे ट्युलिप होते तिथेच पुन्हा लावू नका. करप्याची बुरशी दिसलेली असेल तर निदान तीन वर्षं त्या जागेला सुट्टी द्या. बाग लहान असेल तर मधली वर्षं डॅफोडिलना द्या, ट्युलिप कुंडीत हलवा.

लावणी

इथे एकाच नियमावर मी अडून बसते: खोल लावा. कंदाच्या डोक्यावर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट, जमलं तर तिप्पट माती हवी. पाच सेंटीमीटर उंचीच्या कंदासाठी खड्डा १५ ते २० सेंटीमीटरचा होतो. अगदी जड चिकणमाती असेल तर १२ ते १५ वर थांबा, हलक्या वाळूच्या जमिनीत २० पर्यंत खुशाल जा. खोल लावलेल्या कंदाला ऊन-थंडीचे झटके बसत नाहीत, वाऱ्यात दांडा भक्कम उभा राहतो, खारींना उकरायला जड जातं, आणि कंद लहान-लहान पिल्लांमध्ये फुटून जाण्याचं प्रमाणही कमी राहतं. पुढच्या वर्षी तिथेच फूल हवं असेल तर हे शेवटचं कारण सगळ्यात महत्त्वाचं.

एकेका कंदासाठी एकेक भोक पाडण्यापेक्षा मी कुदळीने परातीएवढा रुंद खड्डा काढते. काढलेली माती शेजारी पोत्यावर टाकायची, म्हणजे गवतात विखुरत नाही. खड्ड्याचा तळ बागकामाच्या काट्याने हलवून मोकळा करायचा. हे विसरू नका, कारण मुळं खालीच जाणार आहेत. ट्युलिपची मुळं सरळ दोऱ्यांसारखी असतात, त्यांना फांद्या फुटत नाहीत आणि केसमुळंही नसतात. घट्ट तळाला ती अडली की अडलीच. तळ मोकळा झाला की त्यावर जाड वाळूचा बोटभर थर, जमीन जड असेल तरच. मग कंद मांडायचे, टोक वर, चकती खाली. वाळूत किंचित गोल फिरवून बसवले की ते कलंडत नाहीत आणि चकतीखाली पोकळी राहत नाही. जोराने दाबू मात्र नका, चकतीला इजा झाली तर मुळांचा उगमच दुखावतो. एखादा कंद आडवा किंवा उलटा पडला तरी कोंब वळून वर येतो, फक्त त्यात त्याची ताकद खर्च होते.

दोन कंदांत ८ ते १० सेंटीमीटर अंतर ठेवा, म्हणजे कंदाच्या रुंदीच्या साधारण दुप्पट. रांगा आखू नका. मधे थोडे दाट, कडेला विरळ, असे पाच, सात, अकरा कंदांचे पुंजके मांडा. ते फुलतात तेव्हा आपसूक उगवल्यासारखे वाटतात. मांडून झालं की एकदा उभं राहून वरून पाहा, हलवायचे असतील ते आत्ताच हलवून घ्या. एकदा मुळं फुटली की कंद हलवायचा नाही, कारण तुटलेलं मूळ पुन्हा वाढत नाही. माती हळू लोटा, सगळे कंद झाकले गेले की मग निम्मी-निम्मी करून भरा आणि तळहाताने दाबा. पायाने तुडवू नका.

एकदा भरपूर पाणी द्या, मुळं त्यानेच जागी होतात. त्यानंतर पाऊस किंवा बर्फ पडत असेल तर वसंतापर्यंत पाण्याकडे पाहायचीही गरज नाही. कोरडी थंडी पडली तर दोन-तीन आठवड्यांनी एखादी खेप पुरते. वर पालापाचोळ्याचं पाच-सात सेंटीमीटरचं आच्छादन घाला, पण जमीन पुरती थंड झाल्यावर. आधी घातलंत तर आतली ऊब कोंडली जाते आणि उंदरांना आयतं घर मिळतं. खुणेसाठी पाटी किंवा काडी रोवून ठेवा. हिवाळाभर वाफा रिकामा दिसतो आणि कुणीतरी नेमकं तिथेच खुरपं चालवतं.

खताची घाई नको. नव्या कंदाकडे या वर्षापुरतं सगळं आहे. हाडांचा चुरा खड्ड्यात टाकण्याची जुनी पद्धत मी पाळत नाही, कारण त्याच्या वासाने कुत्री आणि इतर प्राणी वाफा उकरतात. खत द्यायचं ते कोंब बोटभर वर आल्यावर, मातीवर भुरभुरून आणि पाणी घालून, तेही कंद पुढच्या वर्षी ठेवायचे असतील तरच. नत्र (नायट्रोजन) कमी आणि पालाश (पोटॅशियम) जास्त असलेलं निवडा, नाहीतर नुसती पानं माजतात.

उंदीर आणि खारी

ट्युलिपचा कंद या मंडळींना फार आवडतो. नव्याने उकरलेली माती दिसली की खार त्याच दिवशी तपासायला येते. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे तारेची जाळी. एक-दीड सेंटीमीटर भोकाची जाळी कंदांच्या वर मातीत आडवी घाला. तिच्यातून कोंब वर येतात, पंजे खाली जात नाहीत. बिळं करणारे उंदीर असतील तर खालून आणि कडेनेही जाळी हवी, म्हणजे पेटीच करावी लागते. जाळी नसेल तर निदान पहिले काही आठवडे वाफ्यावर फळी किंवा जाळीचा तुकडा दगड ठेवून दाबून ठेवा. कंदाच्या गळून पडलेल्या साली आसपास सांडू देऊ नका, त्यांच्या वासाने प्राण्यांना पत्ता लागतो. डॅफोडिलचे कंद विषारी असल्याने त्यांना कुणी तोंड लावत नाही. म्हणून मी ट्युलिपच्या झुबक्याभोवती डॅफोडिलचं कडं लावते. पक्का बंदोबस्त जाळीचाच, पण कड्याने उपद्रव कमी होतो आणि वाफा दिसतोही सुंदर.

कुंडीत

कुंडी खोल घ्या, ३० सेंटीमीटर तरी, आणि तळाला मोठी भोकं. कुंडी विटांवर उचलून ठेवा म्हणजे पाणी अडत नाही. इथे कंद वाफ्यापेक्षा दाट लावायचे, एकमेकांना आणि कुंडीच्या कडेला न टेकतील इतपत. कंदाची एक बाजू सपाट असते, ती कुंडीच्या कडेकडे करा. पहिलं मोठं पान त्याच बाजूने येतं आणि कडेवरून बाहेर छान झुकतं.

थर लावून एकाच कुंडीत दोन-तीन फुलोरे मिळवता येतात. सगळ्यात खाली उशिराचे ट्युलिप, त्यावर माती, मग लवकर फुलणारे छोट्या जातीचे किंवा हायसिंथ, आणि वरच्या थरात क्रोकस. खालचे कोंब वरच्या कंदांना चुकवून बरोबर वाट काढतात. कडाक्याच्या थंडीत कुंडी सगळीकडून गोठते, जमिनीतल्या कंदाला मिळणारं संरक्षण तिला नसतं. तेव्हा कुंड्या भिंतीच्या आडोशाला एकत्र करून त्यांना गोणपाट गुंडाळा. उबदार खोलीत मात्र आणू नका, थंडीचा हिशोब तिथेच मोडतो. पावसाची गळती होईल अशा जागीही नको.

हिवाळा पुरेसा थंड नसेल तर

मग थंडी फ्रिजमधून द्यायची. कंद कागदी किंवा जाळीच्या पिशवीत घालून, ४ ते ७ अंशांत, १२ ते १४ आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये मुळीच नाही. आणि त्या फ्रिजमध्ये फळं ठेवायची नाहीत, हा नियम कडक पाळा. काढले की त्याच दिवशी लावा, वर्षातल्या सगळ्यात थंड आठवड्यांत, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशा जागी. मधे त्यांना उबेत पडू दिलंत तर मिळालेल्या थंडीचा परिणाम पुसला जातो. आधीच थंड करून विकलेले कंदही मिळतात, त्यांनाही हेच लागू. अशा हवेत ट्युलिप एका हंगामाचा पाहुणा समजा, दुसऱ्या वर्षी फुलेल ही आशा ठेवू नका. सौम्य हिवाळ्यात त्यातल्या त्यात तग धरतात त्या क्लुसियाना आणि सिल्व्हेस्ट्रिस या रानटी जाती. क्लुसियानाच्या बारीक, टोकदार पाकळ्या बाहेरून लालगुलाबी आणि आतून पांढऱ्या असतात. कळी मिटलेली आणि उमललेली अशी दोन वेगळी फुलं वाटावीत इतका फरक.

हे क्लुसियाना नाव आलं कॅरोलस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञावरून. तो १५९३ मध्ये नेदरलँड्समधल्या लेडनला आला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या त्याच्या बागेत ट्युलिप फुलले. १६३७ च्या फेब्रुवारीत जो प्रसिद्ध ट्युलिपचा बाजार कोसळला, त्यात सर्वाधिक भाव होता तो ज्वाळांसारखे पट्टे असलेल्या फुलांना. ते पट्टे विषाणूमुळे पडतात हे डोरोथी केली या संशोधिकेने १९२८ मध्ये दाखवून दिलं. हा विषाणू मावा ही रस शोषणारी बारीक कीड पसरवते आणि विषाणू दर वर्षी कंद दुबळा करत जातो. आज विकत मिळणाऱ्या पट्ट्यांच्या जाती निरोगी असतात, त्यांचे पट्टे वाणातच आहेत. पण तुमच्या एकरंगी ट्युलिपवर अचानक फिकट फराटे दिसले, तर फुलाचं कौतुक करून झालं की ते झाड कंदासकट उपटून टाका. ट्युलिप आणि लिली शेजारी-शेजारी लावू नका, लिलीलाही हाच विषाणू लागतो.

कोंब वर आल्यावर

हिवाळा संपायच्या आतच लालसर हिरवी टोकं जमिनीबाहेर दिसतील आणि मग रात्री हिव पडेल. झाकाझाक करू नका, कोंबांना ते सोसतं. गोगलगायींवर मात्र नजर ठेवा, संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचून काढणं हा सगळ्यात चांगला उपाय. कोंब वाकडेतिकडे, टोकाशी करपल्यासारखे निघाले आणि त्यावर राखाडी लव दिसली, तर तो करपा. अशी झाडं मुळासकट उचला, पिशवीत घालून कचऱ्यात टाका. कंपोस्टमध्ये नको, कारण बुरशीचे बारीक काळे दाणे तिथेही जिवंत राहतात.

कळी भरायला लागल्यापासून फूल उमलेपर्यंत पाण्याचा ताण पडू देऊ नका. उमललेलं फूल उन्हात पूर्ण उघडतं आणि संध्याकाळी गारव्याने मिटतं, तेव्हा मिटलेलं पाहून ते सुकलं असं समजू नका. फुलदाणीसाठी कापायची तर कळीला रंग चढला पण ती अजून मिटलेली आहे, अशी पहाटे कापा. कापल्यानंतरही दांडा वाढत राहतो आणि उजेडाकडे वळतो, त्यामुळे फुलदाणी फिरवत राहा. ताज्या कापलेल्या डॅफोडिलबरोबर एकाच पाण्यात ठेवू नका, त्याच्या चिकाने ट्युलिप लवकर माना टाकतात.

फुलं सरल्यावर

पाकळ्या गळल्या की वरचं हिरवं बोंड खुडून टाका, बी धरण्यात कंदाची ताकद जाऊ नये म्हणून. दांडा आणि पानं तशीच राहू द्या. पानं पिवळी पडायला सहा आठवडे तरी लागतात आणि त्या काळात ती कुरूप दिसतात, हे खरं आहे. तरीही त्यांची वेणी घालणं, रबर लावून बांधणं, कापणं यातलं काही करू नका. तुम्ही लावलेला कंद आता संपलेला असतो. त्याच्या जागी नवे कंद भरत असतात आणि त्यांचा सगळा आहार या पानांतूनच जातो. समोर उंच वाढणारी दुसरी झाडं लावली की पानं आपोआप झाकली जातात.

पानं ओढताच सहज सुटून आली की दोन वाटा. जमीन उन्हाळ्यात कोरडी राहत असेल, जात डार्विन संकरित किंवा टार्डासारखी रानटी असेल, तर कंद तिथेच ठेवा. उन्हाळ्यात पाणी देत असलेल्या वाफ्यातले कंद मात्र काढावेत. काटा लांबून घाला आणि खोलवर उचला. लहान कंद कधी कधी लावल्यापेक्षा बरेच खाली सापडतात, कारण ते स्वतःहून एक देठ खाली सोडून खोल जातात. माती झटका, सावलीत वाळवा, जुनी साल आणि मुळं काढून टाका. त्यातले मोठे येत्या हिवाळ्याच्या तोंडावर लावण्यासाठी वेगळे ठेवा. लहान पिल्लं बागेच्या एका कोपऱ्यात लावली तर दोन-तीन वर्षांत फुलण्याजोगी होतात. तेवढा धीर नसेल तर ती कुणाला तरी देऊन टाका. पिशवीवर जातीचं नाव आणि वर्ष लिहा, पेन्सिलीने, कारण शाई उडते.